कडेला चिकटू नका: बेळगाव भागात मोटारवाल्यांच्या दादागिरीत सायकल कशी चालवायची

मागून सतत हॉर्न मारत अंगावर येणारी गाडी, खिडकीतून आलेली शिवी, हँडलला घासून मारलेला कट. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात सायकलने कामाला, शाळेला, शेताला जाणाऱ्यांना हे रोजचंच आहे. 2006-07 पासून कर्नाटक सरकारने आठवीच्या मुलामुलींना सायकली वाटल्या, गावोगाव सायकली झाल्या, पण रस्त्यावर सायकलला जागा द्यायला कुणी शिकवलं नाही. त्यामुळे ती जागा आपली आपणच, नीट आणि न भांडता, धरावी लागते.

पहिलं काम म्हणजे डांबराच्या कडेपासून लांब राहणं. घरातून, शाळेतून सगळीकडून "कडेनं जा" असंच सांगितलं जातं, आणि बरेच कट त्यामुळेच बसतात. हिशेब करून बघा. दुपदरी रस्ता 7 मीटरचा, म्हणजे एका बाजूला 3.5 मीटर. ट्रकची रुंदी 2.6 मीटर. तुमचं चाक कडेपासून 30 सेंटिमीटरवर असेल, तर हँडलचं उजवं टोक कडेपासून 60 सेंटिमीटरवर येतं. ट्रकवाल्याला वाटतं की मधली पट्टी न ओलांडता आपण बसतो, आणि तो खरंच बसतो, फक्त तुमच्या हँडलपासून 30 सेंटिमीटरवरून. त्यातही त्याचा आरसा बाहेर आलेला असतो. तेच चाक कडेपासून 1 मीटरवर ठेवलं, तर हँडलचं टोक 1.3 मीटरवर येतं. आता तो त्याच पट्ट्यात बसूच शकत नाही, हे त्याला लांबूनच दिसतं. समोर रस्ता मोकळा असेल तर तो पट्टी ओलांडून लांबून जातो, नसेल तर वेग कमी करतो.

1 मीटरचा दुसरा फायदा असा की कड तुटलेली असली, साईडपट्टी खाली खचलेली असली, तरी तुम्हाला अचानक उजवीकडे वळावं लागत नाही. कडेचे खड्डे चुकवताना होणारं हे नागमोडी चालवणं ड्रायव्हरला सगळ्यात जास्त चिडवतं, आणि त्यात त्याचं अगदीच चुकत नाही. सायकल कुठं जाणार हे त्याला कळायला हवं. सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने चालणाऱ्या सायकलवर फारसं कुणी हॉर्न मारत नाही.

रस्ता अरुंद असेल तिथं आणखी आत या. खेड्यांना जोडणारे रस्ते बऱ्याचदा 3.75 किंवा 5.5 मीटरचे असतात. 5.5 मीटरवर समोरून 2.6 मीटरचा ट्रक आणि मागून 1.8 मीटरची कार एकाच वेळी आली, की उरतो 1.1 मीटर, तोही तीन ठिकाणी वाटलेला. तिथं सायकल बसत नाही. समोरून मोठी गाडी येताना दिसली की आधी मागे बघा, उजवा हात तळवा खाली करून हलवा आणि रस्त्याच्या मध्याकडे सरका. समोरची गाडी गेली की परत 1 मीटरवर या आणि मागच्याला हाताने पुढे जायची खूण करा. ही शेवटची खूण विसरू नका. आपल्याला मुद्दाम अडवत नव्हता हे त्याला त्यातून कळतं, आणि पुढे निघताना तो कट मारत नाही.

मागे बघणं हे सरावाने येतं. मान उजवीकडे वळवली की हातही तिकडे वळतो आणि सायकल अर्धा मीटर उजवीकडे जाते. नेमका हॉर्न ऐकून दचकून मागे बघताना हे होतं आणि धडक बसते. रिकाम्या मैदानावर चुन्याची सरळ रेघ मारून, रेघ न सोडता मागे बघायची सवय करा. नाहीतर आरसा बसवा. स्कूटरच्या आरशाचा क्लॅम्प 22 मिलिमीटरच्या सरळ हँडलला बसतो. तो उजव्या मुठीच्या आतल्या बाजूला लावा, म्हणजे सायकल पडली तरी फुटत नाही.

अंधाराचा हिशेब वेगळा. 60 च्या वेगाने येणारी गाडी आणि 15 च्या वेगाने चाललेली सायकल यांच्यातलं अंतर दर सेकंदाला साडेबारा मीटरने कमी होतं. लायटीशिवाय सायकल डिपरच्या उजेडात साधारण 40 मीटरवर दिसते, म्हणजे ड्रायव्हरला जेमतेम तीन सेकंद मिळतात आणि त्यातला दीड सेकंद ब्रेकवर पाय जाईपर्यंतच संपतो. मागे लाल लाईट असेल तर तो 200 मीटरवरून दिसतो आणि तेवढ्यात सोळा सेकंद मिळतात. अचानक सायकल दिसून घाबरलेला ड्रायव्हर पुढच्याच क्षणी चिडतो, शिवी तिथून येते. म्हणून मागचा लाल लाईट सीटखाली लावा, कॅरियरवरच्या पिशवीने झाकला जाईल असा नको. रिफ्लेक्टरची 5 सेंटिमीटर रुंद पट्टी मागच्या मडगार्डवर लाल, पुढे पांढरी, आणि दोन्ही पॅडलच्या मागच्या कडेला पिवळी. वरखाली हलणारी पट्टी लांबून ओळखू येते आणि ही सायकल आहे हे लगेच कळतं.

दिवसा अंतर राखून घेण्यासाठी एक स्वस्त उपाय चांगला काम करतो. शेतकऱ्याकडे ठिबकची 16 मिलिमीटरची लॅटरल नळी पडलेली असतेच. तिचा 60 सेंटिमीटरचा तुकडा घ्या. एकटी नळी लोंबते, म्हणून आत 12 मिलिमीटरची नळी सरकवा. तार किंवा सळई घालू नका, माणसाला लागली तर जखम होते. तुकड्याचं डावं टोक कॅरियरच्या डाव्या कडेला धरून नळी आडवी ठेवा आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने दोन ठिकाणी घट्ट बांधा. उजवं टोक हँडलच्या टोकापासून वीतभर बाहेर येतं. त्या टोकाला लाल-पांढरी रिफ्लेक्टर पट्टी गुंडाळा. आपल्या कारला ओरखडा पडेल या धास्तीने कारवाला आपोआप लांबून जातो, आणि धक्का लागलाच तर नळी वाकते, सायकल ओढली जात नाही. बेळगावच्या खडेबाजार, गणपत गल्लीच्या गर्दीत मात्र ती काढून ठेवा, तिथं माणसांनाच लागेल.

कुठल्या रस्त्यावर काय

जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ल्याला जाणारा रस्ता सुंदर आहे, पण तो कधी धरायचा हे बघून धरा. पहाटे गोव्याला भाजीपाला नेणारे टेम्पो वेळेच्या घाईत असतात. शुक्रवारी संध्याकाळी जाणाऱ्या आणि रविवारी संध्याकाळी परतणाऱ्या गाड्या वळणावरही ओव्हरटेक करतात. पावसाळ्यात तिथं धुकं असतं, तेव्हा दिवसाही लाईट चालू ठेवा. ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक उशिरा धरतो, म्हणून उताराच्या आधीच ब्रेक शू दोन-तीनदा हलके टेकवून रिम पुसून घ्या.

पुणे-बेंगळुरू महामार्गावर आणि खानापूरकडच्या चौपदरी रस्त्यावर सर्व्हिस रोड असेल तिथं तोच वापरा. दुभाजकातली फट लांब आहे म्हणून उलट्या दिशेने जाणारे खूप दिसतात. हे टाळा. 60 ची गाडी आणि 15 ची सायकल एकाच दिशेने जाताना वेगातला फरक 45 चा असतो, उलट्या दिशेने तोच 75 होतो, आणि ड्रायव्हरचा राग इथं रास्त असतो. मोठी बस किंवा कंटेनर जवळून गेला की हवा आधी बाहेर ढकलते, मग आत ओढते. कोपर सैल ठेवा, अंग थोडं खाली घ्या, हँडल आवळून धरू नका.

वेंगुर्ला रोडवर हिंडलगा, सुळगा ओलांडून पुढे रस्त्याच्या कडेला दुकानं आणि उभ्या गाड्या वाढतात. उभ्या कारपासून दाराच्या रुंदीएवढं, म्हणजे 1 मीटर अंतर सोडा. दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या जागेत आत-बाहेर करू नका, सरळ जा. उद्यमबागेत कारखान्यांची पाळी सुटते तेव्हा दहा मिनिटं थांबून निघालं तरी फरक पडतो. टिळकवाडीतलं रेल्वे गेट उघडतं तेव्हा दोन्ही बाजूंनी सगळे एकदम घुसतात. पहिला लोंढा जाऊ द्या, मग रूळ काटकोनात ओलांडा.

उसाच्या हंगामात, साधारण ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत, दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरशी कसलाही हट्ट नको. वळणावर मागची ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा आतून जाते. ट्रॅक्टरने तुम्हाला नीट जागा सोडली असली तरी दुसरी ट्रॉली ती जागा खाते. ऊस बाहेर लोंबत असतो, त्याचं टोक हँडलमध्ये अडकतं. मागून असा ट्रॅक्टर येतोय हे कळलं की साईडपट्टीवर उतरून उभे राहा, दुसरी ट्रॉली पूर्ण जाईपर्यंत. तो थांबला असताना त्याच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका. आणि रात्री रस्त्यातच बिनलायटीची उभी ट्रॉली असू शकते, म्हणून सायकलला पुढचा लाईटही हवाच.

शाळकरी मुलांचा घोळका चार-पाच जणांच्या गटात एकामागोमाग चालवा आणि दोन गटांत 30-40 मीटर अंतर ठेवा, म्हणजे बसला मध्ये शिरायला जागा मिळते. तिघं शेजारी गप्पा मारत चालली की मागचा प्रत्येक जण चिडतो, आणि तो राग पुढे एकट्याने जाणाऱ्या मुलीवर निघतो.

अंगावर आलाच तर

छोटा हॉर्न म्हणजे "मी आलोय", एवढंच. तो रागाचा समजू नका. हात वर करून कळल्याचं दाखवा. लांबलचक हॉर्न चालूच राहिला तर वेग वाढवू नका, वाकडं होऊ नका. सुरक्षित जागा दिसली की हात दाखवून थांबा आणि त्याला जाऊ द्या. इथं थांबणं म्हणजे हार नाही. तुमच्या हातात सायकल आहे आणि त्याच्याकडे हजार किलोचं यंत्र, रागावलेल्या माणसाच्या पुढे चालत राहण्यात काही मिळत नाही.

शिवीला शिवी देऊ नका, बोनेटवर हात मारू नका, सिग्नलला गाठून जाब विचारू नका. बोलायचंच असेल तर तो शांत असताना, "अण्णा, जरा लांबनं घ्या" किंवा कन्नडमध्ये "सावकाश होग्री" (सावकाश जा) एवढं पुरतं. गाडी आडवी घालून कुणी थांबवलं तर सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरा, माणसं असतील त्या दुकानाकडे, पेट्रोल पंपाकडे सरका आणि 112 लावा.

कट बसला की आधी रस्त्याबाहेर या. मग मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून नंबर मोठ्याने बोला: केए 22 की 23, एमएच 09 की जीए, मागचे आकडे, रंग, वेळ, जवळचा किलोमीटरचा दगड किंवा फाटा. डोक्यात ठेवलेला नंबर दोन मिनिटांत बदलतो. बस असेल तर नंबर, डेपोचं नाव आणि पाटी टिपा. ट्रॉलीला नंबर नसला तर ट्रॅक्टरचा घ्या. जवळच्या पंपावर, दुकानावर कॅमेरा असेल तर त्याच दिवशी मालकाला सांगून चित्रण राखून ठेवा, काही दिवसांत ते पुसलं जातं.

लागलं असेल तर 108. धडक देणाऱ्याने थांबून जखमीला दवाखान्यात पोचवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे बंधनकारक आहे. तो पळाला आणि सापडला नाही, तर गंभीर जखमेसाठी 50 हजार आणि मृत्यूसाठी 2 लाख रुपयांची भरपाई कलम 161 खाली मागता येते. त्यासाठी पोलीस नोंद आणि डॉक्टरचा कागद लागतो, म्हणून "किरकोळ आहे" म्हणून घरी जाऊ नका.

तक्रार लिहिताना घटना लिहा, राग नको. "गाडी 60-70 च्या वेगात, माझ्या हँडलपासून वीतभर अंतरावरून गेली, मी साईडपट्टीवर पडलो" असं. नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं, कलम 184: पहिल्या गुन्ह्याला 1 ते 5 हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. बेदरकारपणासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 281, आडवं घालून अडवण्यासाठी 126. सायकलला लायसन्स लागत नाही, म्हणून तुम्हाला रस्त्यावर हक्क नाही, असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे. 2017 च्या ड्रायव्हिंग नियमांत पादचारी आणि सायकलस्वार यांची विशेष काळजी घ्यायची जबाबदारी ड्रायव्हरवर टाकलेली आहे.

ठाण्यात नोंद बहुधा कन्नडमध्ये लिहिली जाते. तोंडी माहिती लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवणं आणि गुन्हा नोंदला तर त्याची प्रत फुकट देणं, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे. कन्नड वाचता येत नसेल तर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, किंवा वाचणारा माणूस सोबत न्या. घटना शिनोळीच्या पुढे, म्हणजे महाराष्ट्रात घडली असली तरी त्याच कलमाप्रमाणे बेळगावच्या ठाण्यातही माहिती देता येते, ते ती पुढे पाठवतात.

एकच बस किंवा एकाच कंपनीचा टेम्पो रोज त्रास देत असेल, तर पोलिसांच्या आधी डेपो मॅनेजरला किंवा कंपनीला लेखी द्या. मुलांच्या बाबतीत मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र जास्त चालतं. पत्रात तीन वेगवेगळ्या दिवसांच्या तारखा, वेळा आणि एकच गाडी नंबर द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. उसाच्या ट्रॉलीबद्दलचं पत्र कारखान्याच्या शेती खात्यात द्या. वाहतुकीचा करार तिथंच होतो आणि ट्रॅक्टरवाल्याला त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं.