पेन्शनवर गावी येताना: शेवटचे 24 महिने कसे आखावेत

महाड-पोलादपूरपासून सावंतवाडी-दोडामार्गापर्यंत कितीतरी वाड्यांत पिढ्यानपिढ्या कोणी ना कोणी फौजेत आहे. जवान किंवा हवालदार पेन्शनवर येतो तेव्हा त्याचे वय साधारण 35 ते 45 असते. मुले शाळेत, आईवडील थकलेले आणि पुढे किमान 20 वर्षे कमावण्याची. तरीही बहुतेकांचे नियोजन डिस्चार्जच्या तारखेनंतर, गावच्या ओटीवर बसून सुरू होते. तोवर उशीर झालेला असतो. युनिटमध्ये असताना क्लार्ककडे दोन फेऱ्यांत होणारे काम गावी आल्यावर रेकॉर्ड ऑफिसशी (सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणारे कार्यालय) पत्रव्यवहार करून सहा-सहा महिने चालते. म्हणून सुरुवात दोन वर्षे आधी करावी.

पहिले काम: नावे जुळवा

कोकणात लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत आहे. पेन्शनच्या कागदांत सर्वांत जास्त घोटाळा इथूनच होतो. समजा माहेरचे नाव सुनंदा आणि सासरचे स्वाती. शाळेच्या दाखल्यावर आणि पॅनवर सुनंदा, आधारवर स्वाती. लग्नानंतर युनिटने काढलेल्या पार्ट टू ऑर्डरमध्ये (सैनिकाच्या घरगुती नोंदी करणारा लष्करी आदेश) तिसरेच काहीतरी, कारण तिथल्या क्लार्कने हिंदीत ऐकून इंग्रजीत लिहिले. नवरा हयात असेपर्यंत कोणाचे काही अडत नाही. फॅमिली पेन्शनची वेळ आली की त्या बाईला आपण एकच व्यक्ती आहोत हे सिद्ध करत फिरावे लागते.

त्यासाठी एका कागदावर तक्ता करा. डावीकडे स्वतः, पत्नी, प्रत्येक मूल आणि आईवडील. वर आधार, पॅन, बँक पासबुक, शाळेचा दाखला, सर्व्हिस रेकॉर्ड. प्रत्येक चौकोनात नाव आणि जन्मतारीख जशी छापली आहे तशीच, अक्षरन् अक्षर उतरवा. फरक दिसेल तिथे लाल खूण करा. सर्व्हिस रेकॉर्डमधली दुरुस्ती प्रतिज्ञापत्र आणि पुराव्यांसह युनिटमार्फत पार्ट टू ऑर्डरने होते. आधार, पॅन, बँकेची दुरुस्ती रजेत करा. पेन्शनचे खाते पत्नीसह संयुक्त ठेवा, दोघांपैकी कोणालाही किंवा मागे राहणाऱ्याला चालवता येईल असे. पेन्शन आता संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीतून येते. तिथे नोंदवलेला मोबाइल नंबर गावी रेंज मिळणाऱ्या कंपनीचा असावा. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो आणि ओटीपी त्याच नंबरवर येतो.

कोर्स: अंगावर वर्दी असेपर्यंतच

पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे डीजीआर, सेवेच्या शेवटच्या दोन वर्षांत प्रशिक्षण देते. कोर्स काही आठवड्यांपासून 24 आठवड्यांपर्यंतचे असतात. जवान, एनसीओ (नाईक, हवालदार) आणि जेसीओ (सुभेदार वगैरे) यांची फी डीजीआर भरते. अधिकाऱ्यांना काही वाटा स्वतः भरावा लागतो. कोर्स निवडताना सोबत्याने कोणता घेतला ते पाहू नका, आपण राहणार तिथे कोणते काम आहे ते पाहा. लोटे-परशुराम, महाड आणि रोहा इथे रासायनिक कारखाने आहेत. त्यांना सेफ्टी आणि फायरची माणसे कायम लागतात. जयगड आणि उरणच्या बंदर भागात स्टोअर, लॉजिस्टिक्स आणि क्रेन-मशिनरीच्या देखभालीचे काम आहे. ड्रायव्हर ट्रेडवाल्यांनी सैनिकी लायसन्सवरून नागरी लायसन्स डिस्चार्जआधीच करून घ्यावे. गाव रायगडात असेल तर एमएच 06, सिंधुदुर्गात 07, रत्नागिरीत 08 चे आरटीओ.

सिक्युरिटी गार्डचे काम सर्वांत पटकन मिळते. पुण्याच्या महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळामार्फत, म्हणजे मेस्कोमार्फत, गेलात तर खासगी ठेकेदारापेक्षा नियम पाळले जाण्याची खात्री जास्त. पण 38 व्या वर्षी गेटवर बसलेला माणूस 50 व्या वर्षीही तिथेच बसलेला दिसतो. तात्पुरते म्हणून धरत असाल तर किती महिने, ते आधीच ठरवा.

सरकारी नोकरीचे गणित

महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि ड भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतून मोजलेले) आहे. केंद्राच्या गट क मध्ये 10 टक्के. सार्वजनिक उपक्रम आणि राष्ट्रीयीकृत बँकांत गट क साठी 14.5 टक्के, आणि त्यातले साडेचार टक्के अपंगत्व आलेले सैनिक व शहिदांच्या कुटुंबीयांसाठी. वयातून सेवेची वर्षे वजा होतात आणि वर 3 वर्षांची सूट असते, त्यामुळे वयाची धास्ती नको. 15 वर्षे सेवा झालेल्या दहावी उत्तीर्ण माजी सैनिकाला पदवीची अट असलेल्या बऱ्याच गट क पदांसाठी पात्र धरतात. त्यात तांत्रिक पदे येत नाहीत. एमएस-सीआयटी मात्र करून ठेवा.

अडते ते मराठीच्या पेपरात. सरळसेवेच्या परीक्षेत, उदाहरणार्थ 2023 च्या तलाठी भरतीत, 100 प्रश्न होते: मराठी, इंग्रजी, सामान्यज्ञान आणि बुद्धिमापन प्रत्येकी 25. वीस वर्षे हिंदीत बोलल्यावर समास, प्रयोग, वाक्प्रचार विसरायला होतात. मुलांची आठवी ते दहावीची व्याकरणाची पुस्तके मागवून घ्या आणि रोज अर्धा तास द्या. तेवढे पुरते.

डिस्चार्जला एक वर्ष उरले की युनिटच्या ना-हरकत प्रमाणपत्रावर अर्ज करता येतात. यात एक बारीक नियम आहे आणि तो न कळल्याने नुकसान होते. केंद्राच्या नियमांप्रमाणे एकदा नियमित नागरी सरकारी नोकरी घेतली की पुढच्या भरतीसाठी माजी सैनिकाचा लाभ संपतो. रुजू होण्याआधी इतर ठिकाणी अर्ज केले असतील तर ते वाचवता येतात. रुजू होताच कोणत्या जागेसाठी कोणत्या तारखेला अर्ज केला याची यादी नव्या कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. म्हणून हाती आलेली पहिली नोकरी घेण्याआधी मनातल्या नोकरीचा अर्ज भरलेला असावा.

खासगी नोकरीच्या बायोडेटात पलटणीची भाषा चालत नाही. 'क्यूएम स्टोअरमध्ये एनसीओ, 6 वर्षे' हे कारखान्याच्या माणसाला कळणार नाही. त्याऐवजी लिहा: 'भांडारप्रमुख. इतक्या वस्तूंची आवक-जावक, वार्षिक मोजदाद, हाताखाली 5 माणसे, ऑडिटमध्ये तूट नाही.' आकडे स्वतःचे आणि खरे घाला. शस्त्र, ठिकाण, तैनाती यांबद्दल एक शब्दही नको.

पैसे: आधी गणित, मग चिरा

मूळ पेन्शन 24,000 रुपये आहे असे धरू. निम्म्यापर्यंत, म्हणजे 12,000 रुपये, विकता येतात, म्हणजे तेवढी पेन्शन सोडून तिचे पैसे एकरकमी घेता येतात (कम्युटेशन). चाळिशीच्या आसपास गुणांक 9 च्या जवळपास असतो: 12,000 × 12 × 9, म्हणजे सुमारे 13 लाख हातात. त्या बदल्यात 15 वर्षे दरमहा 12,000 कमी, म्हणजे एकूण 21.6 लाख. महागाई भत्ता पूर्ण मूळ पेन्शनवरच मिळतो आणि 15 वर्षांनी पेन्शन पुन्हा पूर्ण होते. कर्ज फेडायचे असेल किंवा निश्चित धंदा डोळ्यांसमोर असेल तर विक्री परवडते. सगळे विकतात म्हणून विकू नका.

ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, रजेचे पैसे आणि ग्रुप इन्शुरन्सची रक्कम एकाच महिन्यात खात्यात पडते, आणि गावाला ते लगेच कळते. मग कोणाला जीप, कोणाला भागीदारी, कोणाला उसने. आमचे स्पष्ट मत असे की पहिले वर्षभर या पैशाला हात लावू नये आणि घरही बांधू नये. जांभ्याच्या चिऱ्याचे घर काढले की अंदाज कधीच पुरत नाही. पावसाळ्यात काम बंद पडते, जोत्यावर शेवाळ धरते आणि दुसऱ्या वर्षी भाव वाढलेले असतात. वर्षाचा घरखर्च बचत खात्यात आणि बाकी मुदत ठेवीत किंवा पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवा. त्या योजनेत एकट्याच्या नावे 9 लाख, संयुक्त 15 लाखांपर्यंत ठेवता येतात. वय 50 झालेल्या निवृत्त सैनिकांना ज्येष्ठ नागरिक बचत योजनाही खुली आहे. इतरांना ती साधारण साठीनंतर मिळते.

जमीन असेल तर

'गावी कलमे लावीन' हे अनेकांच्या मनात असते आणि ते चांगलेच आहे. पण आधी सातबारा काढून पाहा. कोकणात तो आजोबा-पणजोबांच्या नावे, सामाईक, वीस-पंचवीस वारसांचा असतो आणि त्यातले निम्मे मुंबईत. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणातल्या शेतकऱ्याला 10 हेक्टरपर्यंत लागवडीचे अनुदान 50, 30 आणि 20 टक्के असे तीन वर्षांत मिळते, पण सामाईक खात्याला बाकी खातेदारांची संमती लागते. त्या सह्या गोळा करायला गणपतीसारखा दुसरा मुहूर्त नाही, कारण सगळे चाकरमानी तेव्हाच एका छपराखाली असतात. शेवटून दुसऱ्या वर्षाच्या वार्षिक रजेचा मोठा तुकडा गणपतीला घ्या. मृत्यूचे दाखले आणि वारसनोंदीचा अर्ज आधी तयार ठेवा.

हापूस 10 × 10 मीटरवर लावला तर हेक्टरी 100 कलमे बसतात. खड्डे मीटरभर लांब, रुंद, खोल. एप्रिल-मेमध्ये काढायचे, पाऊस स्थिरावला की लावायचे. चांगले उत्पन्न सहाव्या-सातव्या वर्षापासून. काजू 7 × 7 मीटरवर, हेक्टरी सुमारे 200. वेंगुर्ला 4 आणि वेंगुर्ला 7 या जाती वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या. फळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसू लागते. तोवर घर पेन्शन आणि नोकरीवरच चालणार. म्हणून लागवड डिस्चार्जच्या दोन पावसाळे आधी झाली तर मोठा फायदा होतो. मात्र पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी घालणारे आणि गुरे हाकणारे माणूस घरचे हवे. ते नसेल तर थांबा. राखणीविना लावलेली कलमे गुरे खातात आणि वणव्यात जातात.

गावी आल्यावरचे पहिले दोन महिने

प्रथम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करा. माजी सैनिक ओळखपत्र आणि नोकरीसाठीची नोंद तिथेच होते, घरपट्टी माफीसाठीचा दाखलाही तिथलाच. सोबत डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, फोटो न्या. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डाचा अर्ज युनिटमधूनच केलेला असावा. आल्यावर फक्त आपले पॉलिक्लिनिक कोणते आणि जवळचे संलग्न रुग्णालय कोणते ते पाहून या. आजारी माणूस गाडीत घालून शोधत फिरायची वेळ येऊ नये.

डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नका. त्यावर पुढे शिक्के आणि नोंदी व्हायच्या असतात. प्रत्येक पान स्कॅन करून पत्नीच्या फोनमध्येही ठेवा. मूळ पुस्तक पावसाळ्यात लाकडी कपाटात उघडे राहिले तर बुरशी धरते आणि कसर लागते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकदा काढून वाळवा.