इंधनाचे दर पाहून मोटरहोमच्या प्रवासाचा बेत कसा आखावा

अमेरिकेत भाड्याच्या मोटरहोमने, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने, दूरचा प्रवास करायचा असेल, तर मुक्कामाच्या जागा ठरवण्याआधी पेट्रोलचा हिशोब मांडावा, कारण मध्यम आकाराची अशी गाडी एका गॅलनमध्ये, म्हणजे सुमारे ३.८ लिटरमध्ये, बहुधा ८ ते १० मैलच धावते. लॉस एंजेलिसहून ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यापर्यंत जाऊन परत येण्यास सुमारे १००० मैल पडतात. त्यासाठी किमान १०० गॅलन लागतात, आणि गॅलनमागे दर ५० सेंटने चढला की खर्च ५० डॉलरने वाढतो. जून २०२२ मध्ये देशातील सरासरी दर प्रथमच ५ डॉलरच्या वर गेला होता, हे ध्यानात घेऊन आजच्या दरापेक्षा एक डॉलर जास्त धरूनच अंदाज बांधावा.

पेट्रोल कोठे भरायचे, याचा विचार सर्वांत बारकाईने करावा. कर आणि विशिष्ट मिश्रणाचे पेट्रोल यांमुळे कॅलिफोर्नियातील दर शेजारच्या ॲरिझोनापेक्षा बरेच चढे असतात. म्हणून जाताना या दोन राज्यांच्या सीमेवरील कोलोरॅडो नदी ओलांडून ॲरिझोनातील किंगमन गाठता येईल इतकेच इंधन घ्यावे आणि परतताना नदी ओलांडण्याआधीच टाकी भरावी. मात्र मोहावी वाळवंटात टाकी पाव भागाखाली जाऊ देणे मला मुळीच मान्य नाही, मग त्यासाठी चार डॉलर अधिक मोजावे लागले तरी चालतील.

वेग ताशी ६० मैलांच्या आत ठेवावा. दर फारच भडकले, तर सहल रद्द करण्याऐवजी थांबे कमी करून एकाच ठिकाणी अधिक रात्री राहावे.