वाडीवरून १०८ बोलवायची तर आधी एवढं करून ठेवा

१०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, फोनला पैसे नाहीत, गाडीला पैसे नाहीत आणि आत डॉक्टर असतो, हे आता बहुतेकांना माहितीये. अडतं ते पुढेच. गाडी डांबरी रस्त्यावर येऊन उभी राहते आणि पेशंट असतो वर वाडीवर, मधे पायवाट आणि एखादा ओढा.

आधी रेंजचं बघा. कोणाच्या अंगणात, कुठल्या टेकाडावर फोन लागतो हे घरातल्या पोरांनाही माहिती पाहिजे. पत्ता सांगताना जिल्हा, तालुका, मग गाव, वाडी आणि जवळची शाळा नाहीतर देऊळ, याच क्रमाने, कारण कॉल जातो पुण्याच्या कंट्रोल रूमला आणि वडगाव म्हटलं तर त्यांनी कुठलं समजायचं? ज्या नंबरवरून लावलाय तो मोकळा ठेवा, गाडीवाले त्यावरच परत फोन करतात (आणि आपण तेवढ्यात मामाला कळवत बसतो). एकाने बॅटरी घेऊन फाट्यावर जाऊन थांबायचं.

उचलून न्यायला झोळी नको, त्यात माणूस दुमडतो. धान्याच्या दोन-तीन मजबूत गोण्या घ्या, बुडाचे दोन्ही कोपरे कापा, त्यातून दोन लांब बांबू ओवा, झालं स्ट्रेचर. पण आधी घरातल्याच धडधाकट माणसाला निजवून उचलून बघा, शिवण तिथेच कळते. बेशुद्ध असेल आणि श्वास चालू असेल तर कुशीवर, गरोदर बाई डाव्या कुशीवर. पाणी, चहा काही पाजायचं नाही.

साप चावला तर सगळ्यात जास्त घोळ होतो. दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, चोखू नका, भगताकडे तर नकोच. अंगठी, जोडवी, बांगड्या लगेच काढा कारण सूज चढते, पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, पेशंटला चालवू नका. चावल्याची वेळ लिहून ठेवा. साप मारायच्या मागे लागू नका, लांबून फोटो मिळाला तर ठीक. मण्यार चावलेली रात्री कधीकधी कळतही नाही, त्यामुळे जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणाला आणि पापण्या जड झाल्या तर थांबू नका. सापाच्या विषावरचं इंजेक्शन कुठल्या दवाखान्यात आहे ते पावसाळ्याआधीच आशाताईंना विचारून ठेवा.

बाळंतपणाचं मात्र ऐनवेळेवर ढकलू नका. १०२ ची गाडी त्यासाठीच आहे, आणि आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांजवळ माहेरघर असतं, तिथे तारखेच्या काही दिवस आधीच जाऊन राहता येतं. ओढ्याला पाणी असेल तर हाच मार्ग.

फिरतं पथक येतं तेव्हा म्हाताऱ्यांचं बीपी, शुगर तिथेच तपासून घ्या, आणि सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळच्या खिळ्याला लटकवा. चालू गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा त्यातच, गाडीतला डॉक्टर पहिलं तेच मागतो.