प्रोसेसर ओव्हरक्लॉक करताय? मग या चुका टाळा, अर्धी गरमी तिथेच कमी होईल

ओव्हरक्लॉक केला, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या स्पीडपेक्षा जास्त पळवला, टेम्परेचर ९५ला जाऊन चिकटलं, की बहुतेक जण पहिलं काम काय करतात तर अजून मोठा कूलर मागवतात. तो येतो, बसतो, चार-पाच डिग्री कमी होतात आणि दुसऱ्या दिवशी गेम खेळताना पीसी परत रीस्टार्ट. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मी बरीच वर्षं स्वतःचे आणि मित्रमंडळींचे पीसी ट्यून करतोय आणि माझं मत आता पक्कं झालंय, की घरच्या पीसीत बहुतेक वेळा गरमीचं मूळ बायोसमधल्या (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमधल्या) व्होल्टेजमध्ये असतं, आणि तिथे नसेल तर कूलर कसा बसवलाय त्यात. कूलर लहान आहे म्हणून गरम होतोय, हे खूप नंतर येतं.

आधी हे डोक्यात बसू द्या. क्लॉक (प्रोसेसरचा स्पीड) वाढवला की वीज त्याच प्रमाणात जास्त खाल्ली जाते, पण व्होल्टेज वाढवलं की ती वर्गाच्या हिशोबाने वाढते. समजा ५ गिगाहर्ट्झला १.२५ व्होल्ट लागत होते आणि तुम्ही ५.२ गाठायला १.३५ दिले. क्लॉक वाढला ४ टक्के, व्होल्टेज वाढलं ८ टक्के, आणि उष्णता वाढली साधारण २१ टक्के. वर चिप गरम झाली की तिची गळती, म्हणजे आतल्या आत वाया जाणारी वीजही वाढते, म्हणजे खरा आकडा त्याहून थोडा जास्तच. एवढं करून स्पीड मिळाला जास्तीत जास्त ४ टक्के, गेममध्ये तोही दिसेलच असं नाही. म्हणून शेवटच्या १०० मेगाहर्ट्झसाठी किती व्होल्टेज मोजतोय ते बघत जा. तिथे एक पायरी खाली आलात तर जेवढा फरक पडतो तेवढा नवीन कूलरनेही पडत नाही.

व्होल्टेज 'ऑटो'वर सोडणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. मल्टिप्लायर (ज्या आकड्याने गुणून क्लॉक ठरतो तो) ५० वरून ५२ केला, व्हीकोअर, म्हणजे प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज, ऑटोवर तसंच. मदरबोर्डला तुमची चिप चांगली आहे का साधारण हे काही माहीत नसतं, त्यामुळे तो आपला सेफ साइड म्हणून भरपूर व्होल्टेज देऊन मोकळा होतो. मी पाहिलंय, जी चिप १.२६ला निवांत चालत होती तिला ऑटोवर १.३८ मिळत होतं आणि मालक बिचारा चिप आणि कूलर यांच्यामधली पेस्ट बदलून बदलून थकला होता. तेव्हा काहीही हलवायच्या आधी सगळं स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर ठेवून एचडब्ल्यूइन्फो हे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, पूर्ण लोडवर व्हीकोअर किती, वॅट किती, टेम्परेचर किती, आणि खोलीचं तापमान किती, हे चारही लिहून ठेवा. खोलीचं तापमान लोक हमखास विसरतात. हवेचा असो की पाण्याचा, कुठलाच कूलर खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही, तो फक्त त्याच्या वर किती डिग्री राहायचं तेवढं ठरवतो. २२ डिग्रीच्या खोलीत ८२ दाखवणारा प्रोसेसर ३५ डिग्रीच्या खोलीत ९५ दाखवणारच, काहीही न बिघडता. गारव्यात स्टेबल केलेला ओव्हरक्लॉक उकाड्यात क्रॅश व्हायला लागतो तो यामुळेच.

ऑटोसारखाच दुसरा गोंधळ लोड-लाइन कॅलिब्रेशनचा. लोड आला की व्होल्टेज थोडं खाली बसतं, ते तसं बसणं मुद्दाम ठेवलेलं असतं. लोकांना वाटतं हा दोष आहे आणि ते ती सेटिंग सगळ्यात कडक लेव्हलला नेतात. मग लोड अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर सेट केलेल्या आकड्याच्या वर उसळतं, आणि ते इतक्या कमी वेळात होतं की सॉफ्टवेअरमध्ये दिसतसुद्धा नाही. मधली लेव्हल ठेवा आणि लोडखालचं व्होल्टेज बघून हिशोब करा.

अजून एक, काही बोर्ड कंपनीकडून येतानाच पॉवर लिमिट (प्रोसेसरने किती वॅट घ्यायचे ती मर्यादा) उघडी ठेवून येतात, विशेषतः मल्टिकोअर एन्हान्समेंट नावाचं ऑप्शन चालू असेल तर. तुम्ही काहीही ओव्हरक्लॉक केलेलं नसताना इंटेलच्या १४९००के सारखी चिप २५३ वॅटची मर्यादा ओलांडून धावते. तेव्हा गरमीची तक्रार असेल तर पहिल्यांदा पॉवर लिमिट तपासा.

मुळात तुमचा पीसी ओव्हरक्लॉक होतो का

इंटेलमध्ये नावात के असलेला प्रोसेसर आणि झेड सिरीजचा बोर्ड लागतो, बी सिरीजच्या नव्या बोर्डांवर रॅमचा स्पीड वाढवता येतो पण प्रोसेसरचा मल्टिप्लायर नाही. एएमडीत बहुतेक रायझन अनलॉक्ड असतात, पण ए३२० किंवा ए५२० बोर्डवर ओव्हरक्लॉकिंग नाही, आणि ५८००एक्स३डी लॉक्ड आहे. खरेदीआधी पाच मिनिटं हे बघितलं तर पुढची चिडचिड वाचते.

टेम्परेचर कसं चढतं ते बघा, किती चढतं ते नंतर

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि फार कमी लोक करतात. लोड टेस्ट सुरू करा आणि पहिला मिनिटभर ग्राफकडे नीट बघा. बटण दाबल्या दाबल्या, एका सेकंदात, आकडा ४० वरून थेट १००ला उडाला तर एकतर व्होल्टेज फार आहे, नाहीतर चिप आणि कूलर यांचा संपर्कच नीट नाहीये. उष्णता वर पोचतच नाहीये, तिथे फॅन कितीही वाढवा, उपयोग शून्य. याउलट आकडा आधी ७५ला थांबला आणि पुढच्या दहा मिनिटांत हळूहळू ९०ला सरकला तर संपर्क चांगला आहे, अडचण पुढे आहे, म्हणजे रेडिएटर, धूळ, किंवा कॅबिनेटमधली कोंडलेली हवा. हे दुसरं असेल तर कॅबिनेटची साइड उघडून तीच टेस्ट परत चालवा. पाच-सात डिग्री उतरले तर कूलर निर्दोष आहे, त्याला गार हवाच मिळत नाहीये. फॅन उलटा बसलाय का तेही तेव्हाच बघून घ्या, फॅनच्या ज्या बाजूला आधाराच्या काड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते.

संपर्काचा घोळ असेल तर कूलर काढून पाहण्याला पर्याय नाही. कूलरच्या तळाला लावून येणारी पारदर्शक प्लास्टिकची फिल्म तशीच राहून जाणं अजूनही होतं, अनुभवी माणसांकडूनसुद्धा, कारण ती चकाकते आणि धातूच वाटते. ती राहिली असेल तर पेस्ट फिल्मवर गोल पसरलेली दिसते आणि खालचा तांब्याचा तळ एकदम कोरा. इंटेलच्या बॉक्समधल्या कूलरला चार पुश-पिन असतात, त्यातली एक जरी पूर्ण आत गेली नसेल तर तो एका कोपऱ्यातून उचललेला राहतो, मग पेस्टचा ठसा एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड येतो. स्क्रूवाला कूलर असेल तर एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा असं करू नका, समोरासमोरच्या कोपऱ्यांना थोडं थोडं आवळत जा. पेस्ट किती लावायची यावर लोक तासन्‌तास भांडतात, खरं सांगायचं तर थोडी जास्त झाली तर कडेने बाहेर येते, बिघडत काही नाही. कमी पडली तर मात्र त्रास.

पेस्टऐवजी लावतात त्या लिक्विड मेटलचं वेगळं. त्यात गॅलियम असतं, ते ॲल्युमिनियमला लागलं की ॲल्युमिनियम अक्षरशः ठिसूळ होऊन तुटतं, आणि ते विजेचं वाहक असल्यामुळे बोर्डवर एक थेंब सांडला तरी शॉर्ट होऊ शकतं. पहिल्यांदा करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असंच मी सांगेन.

आणि एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांनो, कूलर सरळ वर ओढू नका हो. पेस्ट वाळून चिकटलेली असते आणि त्या सॉकेटमध्ये प्रोसेसर वरून दाबून धरणारी पट्टी नाही, त्यामुळे लिव्हर लॉक असतानाही प्रोसेसर कूलरसकट उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं लोड टाकून पेस्ट गरम करा, बंद करा, मग कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळा, सुटल्यासारखा वाटला की उचला.

पाण्याचा कूलर आणि चुकीचा हेडर

माझ्या एका मित्राचा पीसी, ३६० मिमीचा रेडिएटर, तरीही साधं ब्राउझर उघडलं की ७०. पेस्ट दोनदा बदलून झाली होती. मी हात लावून बघितलं तर एक नळी चांगली गरम आणि दुसरी थंड, म्हणजे पाणी फिरतच नव्हतं म्हणा ना. झालं असं होतं की पंपाची वायर कॅबिनेट फॅनच्या हेडरला (बोर्डवर वायर लावायच्या पिनांना) लावली होती आणि त्या हेडरवर सायलेंट कर्व्ह (गरमी कमी असली की फॅन हळू करणारी सेटिंग) होता, म्हणजे बोर्ड आपला पंपाला फॅन समजून स्लो करत होता. वायर पंप हेडरला लावली, स्पीड फुल केला, विषय संपला. पंप नेहमी फुल किंवा जवळजवळ फुल ठेवा, कर्व्ह लावायचा तो फॅनला. आणि बंद लूपमध्ये थोडी हवा असतेच, ती सगळ्यात उंच जागी जाते, ती जागा पंप असता कामा नये. रेडिएटर वर छताला, किंवा पुढे उभा लावला तर त्याचा वरचा भाग पंपाच्या वर येईल असा. गुळगुळ आवाज सतत येत असेल तर हेच तपासा.

९५ दिसलं म्हणून घाबरणं

रायझन ७००० सिरीजचे एक्सवाले प्रोसेसर फुल लोडला ९५पर्यंत जातात ते मुद्दामच, एएमडीनेच ते तसे बनवलेत. थर्मल मर्यादा शिल्लक असेल तोवर तो क्लॉक वाढवत राहतो, त्यामुळे मोठा कूलर लावला तरी आकडा ९५च राहतो, फक्त क्लॉक थोडा वर जातो. ७८००एक्स३डीला ही मर्यादा ८९ आहे. इंटेलमध्ये बऱ्याच चिप्सना १००. या चिप्समध्ये उष्णता अगदी छोट्या जागेतून बाहेर पडते, म्हणून हवा फार गरम लागत नाही आणि आकडा मात्र मोठा दिसतो. काळजी कधी करायची, तर नुसता डेस्कटॉप उघडा असताना ७० दिसत असेल तर.

विंडोज चालू झालं म्हणजे स्टेबल झालं?

नाही. सिनेबेंच ही लोड टेस्ट दहा मिनिटं पार पडली म्हणजेही नाही. प्राइम९५ ही कडक लोड टेस्ट चालवताना एक गोष्ट लक्षात ठेवा, त्यातला एक वर्कर (एकेका कोअरवर चालणारं काम) चूक सापडली की गपचूप थांबतो, राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी हवं होतं असं त्याच्या खिडकीत लिहितो, बाकीचे चालूच राहतात. तुम्ही बाहेर जाऊन तासाभराने येता, टेस्ट चालू दिसते, खूश होता. एखाद्या कोअरचं टेम्परेचर बाकीच्यांपेक्षा एकदम कमी दिसलं तर तोच कोअर थांबलाय समजा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगर नावाच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी आहेत का तेही बघत जा, क्रॅश न होतासुद्धा त्या येतात.

रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी करणारी सेटिंग) सरसकट उणे ३० लावणाऱ्यांचं दुखणं अजून वेगळं, फुल लोडला सगळं ठणठणीत आणि पीसी नुसता पडून असताना रीस्टार्ट. कारण एकच कोअर हलक्या कामासाठी सगळ्यात वरच्या क्लॉकला उडी मारतो आणि तिथे त्याला व्होल्टेज पुरत नाही. कोअरसायकलर या सॉफ्टवेअरने एकेक कोअर तपासा, जो पडेल त्याचा आकडा उणे १५-२०वर आणा. आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये साध्या क्लॉकच्या खाली इफेक्टिव्ह क्लॉक असतो तो बघा, व्होल्टेज फार कमी केलं की वर ५.१ दिसतं आणि खरा क्लॉक त्याहून बराच खाली असतो, टेम्परेचर छान, स्कोअर मात्र घसरलेला.

रॅमचा एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमचा स्पीड वाढवणारी तयार सेटिंग) आणि प्रोसेसर, दोन्ही एकाच दिवशी वाढवू नका. क्रॅश झाला तर कोणामुळे ते कळणारच नाही. एक्सपो चालू केल्यावर एसओसी व्होल्टेजही (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं) बघून घ्या, २०२३ मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी जळाले ते त्याच व्होल्टेजमुळे आणि त्यानंतर बायोसमध्ये त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली गेली. बायोस त्याआधीचा असेल तर आजच बदला.

इंटेल १३व्या-१४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल आणि स्टॉकवरही गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' म्हणून बंद पडत असतील तर ग्राफिक्स कार्डमागे लागू नका. व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त जाऊन या चिप्स खराब होत होत्या, त्यासाठी इंटेलने २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि मग ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणाऱ्या दुरुस्त्या) दिले. ते नसलेल्या बायोसवर ओव्हरक्लॉक करायचा विचारही करू नका. अपडेटने पुढचं नुकसान थांबतं, झालेलं भरून येत नाही, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवलेली आहे तेव्हा चिप बदलून मागा.

१९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए ६६ऐवजी १०० मेगाहर्ट्झच्या बसवर (प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीवर) लावला की ३०० वरून थेट ४५० व्हायचा, ५० टक्के फुकट. आता कंपनीच जवळजवळ सगळं पिळून देते. म्हणून मी आज घरच्या पीसीला उलटं करतो, क्लॉक तसाच ठेवून व्होल्टेज थोडं थोडं कमी करतो, दरवेळी ०.०२ व्होल्ट, मग टेस्ट. चिप गार राहिली की बूस्ट आपोआप जास्त वेळ टिकतो.

एवढं करूनही कधीतरी स्क्रीनच येणार नाही. तेव्हा पीसी बंद करा, वायर काढा, बोर्डवरच्या क्लिअर सीमॉसच्या, म्हणजे बायोसची सेटिंग पुसणाऱ्या, दोन पिना स्क्रूड्रायव्हरने काही सेकंद जोडा, किंवा नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा. सेटिंग्जचे मोबाइलवर फोटो आधीच काढलेले असू द्या, कारण बायोस अपडेट केलात तरी सगळं, अगदी फॅन कर्व्हसुद्धा, पुसलं जातं. आणि डीडीआर५ असेल तर त्यानंतरच्या पहिल्या स्टार्टला बोर्ड रॅम नव्याने जुळवतो, त्यात कधीकधी काही मिनिटं स्क्रीन पूर्ण काळी राहते. पॉवर बटणाला हात लावू नका. फॅन फिरतायत, बोर्डवरचा रॅमचा दिवा पेटलाय, तोवर थांबा.