सोलापूरहून समुद्रावर गळ टाकायला जाताना भरती कशी निवडावी

उजनीच्या काठावर पाणी दिवसभरात बोटभरही चढत-उतरत नाही, त्यामुळे आपल्याकडे गळ घेऊन निघायचं ते सुट्टी बघून. कोकणच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, हा हिशेब चालत नाही. तिथे मासा भरतीबरोबर काठाला चरायला येतो आणि ओहोटीबरोबर परत जातो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट असा साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता करून रत्नागिरीजवळचं भाट्ये किंवा आरे-वारे गाठायचं, तर आधी तिथी बघावी आणि मग रजा टाकावी.

भरतीची वेळ काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. सोलापुरातूनच निघणारं दाते पंचांग घरात असेल तर निम्मं काम तिथेच झालं. हा अंदाज अर्धा-पाऊण तास पुढे-मागे होतो, म्हणून जायचा दिवस ठरला की भरतीच्या तक्त्यात पक्की वेळ बघा. तक्ता रत्नागिरीचाच हवा. भरती दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे मुंबईची वेळ धरून गेलात तर चांगलं पाणी हातचं जाईल.

आता कोणती तिथी? पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी जोरात चढतं, पण पहाटे पाच-सहाच्या सुमारास नेमकी पूर्ण ओहोटी असते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी. तेव्हा भरती उजाडताच पूर्ण होते, पण पाण्याला ओढच नसते. मासा सगळ्यात जास्त चरतो तो पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणून त्याच वेळी पाणी चढत असलेले दिवस शोधायचे. ते म्हणजे एकादशी ते त्रयोदशी, दोन्ही पक्षांतले. द्वादशीला ओहोटी तीनला, भरती नऊला. सहा वाजता पाणी बरोबर मधोमध चढत असतं, सकाळीही आणि संध्याकाळीही. शिवाय उधाण जवळ येत असल्यामुळे पाण्यात जोर असतो. एकादशी पाळणाऱ्यांनी तो दिवस प्रवासाला ठेवावा.

मधल्या वेळेवर एवढा भर का? सहा तासांत पाणी सारखं चढत नाही. बारा भाग केले तर तासागणिक 1, 2, 3, 3, 2, 1 असं चढतं. एकूण चढ 2.4 मीटर असेल तर पहिल्या तासात 20 सेंटिमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी 60. याच दोन तासांत वाळू उकरली जाते, खेकडे आणि शिंपले उघडे पडतात आणि त्यांच्यामागे मुडदुशी, शिंगाळा, रावस काठाला येतात. द्वादशीला संध्याकाळी पाच ते आठ आणि पहाटे पाच ते साडेआठ एवढाच वेळ नेटाने बसा. पाणी थांबलं की आमिष खेकडेच खातात.

पहाटे पाचला सोलापूर सोडलं तर दुपारी ओहोटीच्या वेळी पुळणीवर पोहोचता येतं, आणि ते फार मोलाचं आहे. लाटा पांढऱ्या फुटतात तिथे वाळूचा दांडा असतो. त्याच्या अलीकडे पाणी काळसर दिसतं आणि लाट न फुटता सपाट होते, तो चर. मासा याच चरातून फिरतो. समोर उभं राहून पाठीमागचा एखादा माड खुणेला धरा, फोनमध्ये फोटो काढा. भरतीत हे सगळं झाकलं जातं. चर बहुतेक वेळा 25 ते 40 मीटरवर असतो. नवखे लोक जीव खाऊन लांब फेकतात आणि गळ दांड्यापलीकडे, माशाच्या मागे पडतो.

उजनीवरची सात फुटी रॉड इथे अपुरी पडते, कारण लाटा दोरी खाली दाबतात. 11-12 फुटी रॉड, 0.35 मिलिमीटरची दोरी आणि 100 ग्रॅम शिसं घ्या. पुढे 0.70 मिलिमीटरची जाड दोरी आठ-नऊ मीटर जोडायलाच हवी; नाहीतर फेकताना दोरी तुटून शिसं गोळीसारखं सुटतं. दोरी सैल पडून बाजूला वाहू लागली तर शिसं घसरतंय. 120 ग्रॅमचं, वाळूत रुतणारे तारांचे पाय असलेलं लावा. कणकेचा गोळा लाटेत दहा मिनिटं टिकत नाही. ताजी कोळंबी किंवा बांगड्याचा तुकडा गळाला लावून वरून इलॅस्टिकच्या बारीक दोऱ्याने आठ-दहा वेढे द्या.

पाणी चढेल तसे तुम्हीही मागे सरका. दांड्यावर चालत जाऊन उभं राहू नका, कारण भरती आधी तुमच्या पाठीमागचा चर भरते. जून ते सप्टेंबर पुळणीवर गळ टाकायला जाऊच नका. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना विषारी काटे असतात. तो पक्कडीनेच धरा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा.