टॅनिनमुळे जिवाणूंचे पेशीपटल खरोखर फाटते का, हे कसे तपासावे

वनस्पतींतील टॅनिनमुळे (तुरट चवीच्या फिनॉल गटातील द्रव्यामुळे) जिवाणूंची वाढ थांबते, हे दाखवणे सोपे आहे. ती पेशीपटलाला इजा झाल्यामुळेच थांबली, हे सिद्ध करणे मात्र कठीण, कारण टॅनिन प्रथिनांना चिकटते, माध्यमातील लोह बांधून ठेवते आणि पटलाच्या मेदथराशीही जोडले जाते. म्हणून यांतील एकेक शक्यता वगळता येईल, अशीच प्रयोगाची आखणी करावी.

डाळिंबाची वाळलेली साल दळून ७० टक्के ॲसिटोनमध्ये भिजवावी व गाळल्यानंतर ॲसिटोन पूर्णपणे उडवून लावावे, अन्यथा उरलेला अंशच जिवाणूंना मारक ठरेल. अर्कात टॅनिन आहे का, हे तपासताना फेरिक क्लोराइडने येणारा निळसर काळा रंग इतर फिनॉलांमुळेही येऊ शकतो. त्यामुळे मीठ घातलेल्या १ टक्का जिलेटिनच्या द्रावणात साका बसतो का, हेही पाहावे.

अगारच्या थाळीतील, जिवाणू न उगवलेली वर्तुळे मोजण्यावर फार विसंबू नये, कारण टॅनिनचे मोठे रेणू अगारमध्ये नीट पसरत नाहीत. द्रव माध्यमात अर्क टप्प्याटप्प्याने निम्मा सौम्य करत जावे. तेथे टॅनिन आणि पेप्टोन (माध्यमातील प्रथिनांचे तुकडे) यांचा गढूळ साका हुबेहूब वाढीसारखा दिसतो. त्यासाठी प्रत्येक प्रमाणाची एक नळी जिवाणूंविना ठेवावी आणि अंतिम निर्णय थाळीवर उगवलेल्या वसाहती मोजूनच घ्यावा. बॅसिलस सबटिलिससोबत ई. कोलायचा निरुपद्रवी वाण घेतल्यास बाह्यपटल असलेल्या (ई. कोलाय) आणि नसलेल्या (बॅसिलस) जिवाणूंची तुलनाही होते.

एका नळीत लोहाचा क्षार वाढवून घालावा. वाढ पूर्ववत झाली, तर कारण पटल नसून बहुधा लोहाची टंचाई होती. दुसऱ्या नळीसाठी पॉलिव्हायनिल पॉलिपायरोलिडोनने टॅनिन शोषून घेतलेला अर्क वापरावा. त्यातही जिवाणू मेले, तर मारक घटक केवळ टॅनिन नव्हे.

खरी कसोटी पटलातून पेशीतील पदार्थ बाहेर पडण्याची, म्हणजे गळतीची आहे. गळलेली न्यूक्लिक आम्ले ओळखण्यासाठी २६० नॅनोमीटरवरील प्रकाशाचे शोषण मोजण्याची रूढ पद्धत येथे फसवी ठरते, कारण टॅनिन स्वतःच अतिनील प्रकाश भरपूर शोषते. त्यापेक्षा जिवाणू धुऊन पोटॅशियमविरहित बफरमध्ये घ्यावेत आणि बाहेर पडणारे पोटॅशियम ज्वालाप्रकाशमापीने ठरावीक अंतराने मोजावे. जिवंत पेशींची संख्या घटण्याआधीच गळती सुरू झाली, तर पटलावर थेट आघात झाल्याचा दावा बळकट होतो. संख्या घटल्यावर सुरू झाली, तर ती बहुधा मृत्यूचा परिणाम असते. मात्र सालीच्या अर्कातच पोटॅशियम मुबलक असल्याने या टप्प्यासाठी सेफाडेक्स एलएच-२० (टॅनिन धरून ठेवणारे भरणद्रव्य) च्या स्तंभावर पाण्याने क्षार धुऊन काढलेले व नंतर जलीय ॲसिटोनने उतरवून, ॲसिटोन उडवून सुकवलेले टॅनिनच वापरावे.