फिशटँकबद्दलचा सल्ला कसा पारखावा

टाकी किती लिटरची आहे, तिच्यात कोणते मासे किती आहेत आणि नळाचे पाणी कोठून येते, एवढे तुम्हाला ठाऊक आहे असे मी धरून चालते. माशांच्या घाणीतून येणारा ॲमोनिया, त्यापासून बनणारे नायट्राइट आणि पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) मोजण्याचे थेंबांचे टेस्ट किटही घरात असावे.

सर्वप्रथम सल्ला देणाऱ्याचे पाणी कोणते, हे विचारावे. मुंबईत महापालिकेचे पाणी तलावांतून येते आणि ते बऱ्यापैकी मृदू असते. पठारावरच्या गावांत बोअरचे पाणी बहुधा जड असते. पाणी वेगळे असले की त्याचा पीएचही वेगळा असू शकतो, आणि ॲमोनिया किती घातक ठरेल हे पीएचवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल, तर एकूण ॲमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का भाग माशांना खरोखर विषारी असलेल्या रूपात असतो. पीएच ८ असेल, तर तोच वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो. त्यामुळे किटच्या नळीत अगदी तीच हिरवी छटा पाहून एकजण थांबायला सांगतो आणि दुसरा तात्काळ अर्धे पाणी बदलायला सांगतो, तेव्हा दोघेही आपापल्या टाकीपुरते बरोबर असू शकतात. आपला पीएच कोणाच्या पाण्याशी जुळतो, ते पाहून निवड करावी.

मग कारण विचारावे. ‘एका गॅलनला एक इंच मासा’ हा नियम मी पूर्णपणे बाद समजते, कारण एकेक इंचाच्या दहा निऑन टेट्रांची घाण आणि दहा इंचांच्या एका गोल्डफिशची घाण यांची तुलनाच होऊ शकत नाही. ‘पाणी २४ तास उघडे ठेवा’ या सल्ल्याला मात्र कारण आहे: नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो. परंतु पाणी शुद्ध करायला काही ठिकाणी वापरतात तो क्लोरामाइन तसा जात नाही, त्यासाठी औषधच लागते. ज्याला कारण ठाऊक आहे, तो तुमच्या पाण्यात यांपैकी काय आहे हे आधी विचारतो.

दुकानदार औषधे, बाटल्या घ्यायला सांगेल, तेव्हा त्याला ‘यातले काहीच घेतले नाही तर काय होईल’ असे विचारावे. उत्तरावरून पुरेसे कळते.

खरी कठीण पायरी पुढे आहे, आणि ती म्हणजे प्रामाणिक माणसाचा ‘माझ्याकडे याने गुण आला’ हा सल्ला. माझ्या १०० लिटरच्या टाकीत सहा एंजल मासे होते. एका सकाळी त्यांच्या परांवर बारीक मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसले. अनेक वर्षे मासे पाळणाऱ्या एका स्नेह्यांनी मूठभर खडेमीठ टाकायला सांगितले. मी टाकले, आणि चौथ्या दिवशी मासे स्वच्छ झाले. मी इतकी निश्चिंत झाले की हाच उपाय आणखी दोघांना सांगितला. दहाव्या दिवशी सगळ्या माशांच्या अंगभर ठिपके होते, कल्ले भराभर हलत होते, आणि आठवडा संपायच्या आत चार एंजल मेले. ज्या दोघांना मी सल्ला दिला होता, त्यांच्याकडेही तेच झाले. त्याचे दुःख मला आजही आहे.

मुठीभर मिठाने त्या टाकीत काहीही केले नव्हते. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशाच्या त्वचेखाली वाढतो, पूर्ण वाढ झाली की आपणहून गळून तळाशी जातो, तेथे विभागून त्याची शेकडो पिल्ले होतात आणि ती पोहत पुन्हा मासा शोधतात. २५ अंशांच्या आसपास हे चक्र साधारण आठवड्याभरात पूर्ण होते. पाणी थंड असेल तर कित्येक आठवडे लागतात. औषध लागू पडते ते केवळ पोहणाऱ्या अवस्थेवर. म्हणजे ठिपके गळण्याच्या सुमारास जे काही टाकीत पडेल, त्याला गुण आल्याचे श्रेय मिळते. नव्या टाकीतला ॲमोनिया चार ते सहा आठवड्यांत तो पचवणारे जिवाणू स्थिरावल्याने उतरतो, तेव्हा शेवटी ओतलेल्या बाटलीला असाच मान मिळतो.

म्हणून अनुभवी माणसाला, कितीही आदरणीय असला तरी, तीन गोष्टी विचाराव्यात: उपायानंतर किती दिवस पाहिले, त्याच वेळी आणखी काय बदलले, आणि हाच उपाय करूनही किती मासे मेले. पुष्कळदा असे निघते की हीटरही वाढवला होता आणि पाणीही बदलले होते. आपले मासे कशाने मेले हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या छंदाला वीस वर्षे झाली असली तरी मी त्याचे औषध टाकीत घालत नाही.

पुस्तकातल्या सल्ल्याचे वर्षही पाहावे. टाकीतल्या नायट्राइटचे नायट्रेट नायट्रोबॅक्टर नावाचे जिवाणू करतात असे अनेक वर्षे छापले जात होते. गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा हे दुसरे जिवाणू करतात, हे १९९८ साली संशोधनातून पुढे आले.

इतके पारखून पटलेला सल्लाही एका वेळी एकच अमलात आणावा, आणि ज्यातून माघार घेता येते तो आधी. त्याच तापमानाचे, क्लोरीन काढलेले पाणी थोडे बदलून पाहता येते. मिथिलिन ब्लू हे निळे औषध मात्र फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारते, म्हणून ते वेगळ्या टबातच वापरावे. वहीत तारीख, तापमान, पीएच आणि केलेला एकमेव बदल लिहावा, आणि चौदाव्या दिवसाची नोंद होईपर्यंत तो उपाय दुसऱ्या कोणालाही सांगू नये.